प्लायच्या होडीला इपॉक्सी लावण्याआधी पाणी कुठून शिरतं ते बघा

भाऊ, आधी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. शहाद्याजवळ तुमचं शेततळं आहे, त्यात मासे सोडले आहेत. गेल्या वर्षी १२ मिमी प्लायची आठ फुटी, सपाट बुडाची होडी करून घेतली आणि वर ऑइलपेंटचे दोन हात मारले. दिवाळीपर्यंत बुडाचे पदर सुटले, कोपऱ्यात बोट दाबलं की आत जायला लागलं. आता नवी होडी करताय. ती अधूनमधून सारंगखेडा बॅरेजच्या फुगवट्यातही न्यायची आहे. दुकानदार म्हणाला, इपॉक्सीचे (रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव कालवून लावायचा, कडक होणारा लेप) दोन हात मारा, दहा वर्षं बघायला नको. तुम्ही एक किलोचा डबा आणलात आणि चार गोष्टी विचारताय: हात किती लावायचे, थिनर घालून पातळ करायचं का, साधी प्लाय चालेल का, आणि आतून लावायची गरज आहे का.

चारही प्रश्नांची उत्तरं देतो. पण खरा प्रश्न या चारांत नाही. प्लाय कुजते ती बुरशीमुळे, आणि बुरशीला ओल लागते. लाकडातली ओल वजनाच्या २० टक्क्यांच्या खाली राहिली तर ती वाढत नाही. २८-३० टक्क्यांच्या वर गेली आणि तशीच टिकली की लाकूड खायला लागते. इपॉक्सी बुरशी मारत नाही. ती फक्त ओलीची ये-जा अगदी संथ करते. लाकूड कोरडं असताना बंद केलंत तर ते कोरडं राहतं, ओलं असताना बंद केलंत तर ओलंच राहतं. म्हणून 'किती हात' याच्या आधी 'कधी' आणि 'कुठे' हे ठरवावं लागतं. माझं धुळ्यातलं काम होड्यांचं आणि मत्स्यशेतीवाल्यांच्या तराफ्यांचं आहे. दुरुस्तीला येणाऱ्या कुजक्या प्लायमध्ये मधल्या सपाट भागात चांगला थर असतो. सड सुरू झालेली असते ती एखाद्या कडेपासून, स्क्रूच्या भोकापासून किंवा आतल्या कोपऱ्यात साचलेल्या पावसाच्या पाण्यापासून.

तुमच्या जुन्या होडीचंही तेच झालं असणार. ऑइलपेंट पाणी अडवतो, पण वाफेच्या रूपातली ओल त्यातून बऱ्यापैकी जाते. ओल गेली की प्लाय फुगते, उन्हात आकसते, वरच्या पदराला बारीक चिरा पडतात आणि रंगही तिथेच तडकतो. मग पाण्याला सरळ वाट मिळते. आणखी एक: समुद्राच्या पाण्यातल्या मिठामुळे बुरशीला थोडा आळा बसतो, आपलं तापीचं किंवा शेततळ्याचं गोडं पाणी तसं करत नाही. म्हणून कोकणातल्या होडीवाल्याचा अनुभव इथे जसाच्या तसा लागू करू नका. समुद्रात लाकूड पोखरणाऱ्या किड्याची भीती जास्त, इथे कुजण्याची.

आता प्लाय. 'एमआर' (मॉइश्चर रेझिस्टंट, म्हणजे दमटपणा सोसणारी) छाप असलेली प्लाय युरिया फॉर्माल्डिहाइडच्या गोंदाने चिकटवलेली असते. तो घरातल्या दमटपणापुरता ठीक, पाण्यात टिकत नाही. वर इपॉक्सी कितीही चांगली लावा, एक ओरखडा खोल गेला की आतला गोंदच सुटतो, आणि मग पदर उलगडत जातात. होडीला आयएस ७१० या भारतीय मानकाची, म्हणजे मरीन प्लायच घ्या. तिच्यात फिनॉलिक गोंद असतो आणि बुरशी-वाळवीसाठी प्रक्रियाही केलेली असते. या प्लायच्या चाचणीत तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात. तुम्ही घरी एवढं करायची गरज नाही. पण छापावर विसंबूनही राहू नका, कारण छाप मारायला शाईच लागते. घेतलेल्या प्लायचा चार इंचाचा तुकडा कापून दिवसभर चुलीवर उकळा, मग उन्हात वाळवा. वाळल्यावर कडेत चाकूचं टोक घालून पदर सुटतात का ते बघा. सुटले तर ती प्लाय कपाटाला वापरा. कापलेल्या कडेकडेही नजर टाका: मधल्या पदरांत पोकळ्या दिसल्या तर तेवढी फळी बुडाला नको.

जाडीबद्दल: आठ फुटी होडीला सगळीकडे १२ मिमी फार जड होते. बुडाला ९ आणि बाजूंना ६ मिमी मरीन प्लाय आणि बुडाला बाहेरून काचेचं कापड, हे १२ मिमीच्या नुसत्या प्लायपेक्षा टिकाऊ आणि उचलायला हलकं पडतं. अर्थात तुम्ही त्यात किती माणसं आणि किती खाद्याची पोती घालणार, यावर हे बदलेल. तिघं आणि चार पोती असतील तर बुडाला १२ राहू द्या.

आता वेळ. खान्देशातलं हवामान या कामाला अडचणीचं आहे आणि सोयीचंही. पावसाळ्यात आणलेली प्लाय दुकानातच ओल पिऊन बसलेली असते. ती तशीच सील केली की ओल आत कोंडली. आमचे जुने मिस्तरी अहिराणीत म्हणायचे, "पानी मझार घुसनं का बाहेर निंघत नही." म्हणून ऑक्टोबर सरल्यावर काम काढा, किंवा फेब्रुवारीत. फळ्या पत्र्याच्या शेडमध्ये, मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा आठ-दहा दिवस ठेवा. ओल मोजायची तर मीटर नसला तरी चालतं: एक तुकडा सोनाराच्या किंवा चांगल्या डिजिटल काट्यावर तोला, ओव्हनमध्ये १००-१०५ अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा, पुन्हा तोला. ११० ग्रॅमचा तुकडा १०० ग्रॅमवर थांबला तर ओल १० टक्के. बाराच्या आत असेल तर पुढे जा.

मे महिन्यात लाकूड सगळ्यात कोरडं असतं हे खरं, पण तेव्हा इपॉक्सी हातात राहत नाही. तापमान १० अंशांनी वाढलं की घट्ट होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. २५ अंशांना अर्धा तास चालणारं मिश्रण चाळिशीत दहा मिनिटांवर येतं. त्यात तुम्ही मगभर कालवलं असेल तर त्याची स्वतःची उष्णता बाहेर पडायला जागाच नसते. ते भांडं गरम होतं, मऊ पडून एका बाजूला कलतं, धूर निघतो आणि पाच मिनिटांत आतला सगळा माल दगड. म्हणून थोडंथोडं कालवा आणि कालवल्याबरोबर पसरट ट्रेमध्ये ओता. उलट डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा १० अंशांच्या आसपास किंवा खालीही जातो, तेव्हा बरेच हार्डनर नीट पकडत नाहीत, थर चिकट राहतो. तेव्हा काम शेडमध्ये, दुपारी.

दिवसातली वेळ तर याहून महत्त्वाची. लोक सकाळी उठून, ऊन चढायच्या आत पहिला हात उरकतात. वाटतं बरोबर, पण चुकतं. ऊन चढेल तसं लाकूड तापतं, त्यातली हवा प्रसरण पावते आणि ओल्या थरातून बुडबुडे होऊन बाहेर येते. थर सुकल्यावर तिरप्या उजेडात बघा, टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसतील. प्रत्येक छिद्र थेट लाकडापर्यंत. म्हणून फळी दुपारभर उबदार होऊ द्यायची आणि चार-पाचनंतर, तापमान उतरायला लागल्यावर पहिला हात लावायचा. गार होताना लाकूड श्वास आत घेतं, त्याबरोबर रेझिनही आत ओढलं जातं.

इथेच थिनरचं उत्तर आलं. थिनर घातल्यावर इपॉक्सी पाण्यासारखी आत जाते हे दिसायला छान दिसतं. पण थिनर उडून जाताना थरात बारीक वाटा सोडतो, थर कमकुवत होतो आणि ओल अडवायची ताकदच कमी होते; म्हणजे ज्यासाठी आणली तेच काम ती करत नाही. आत मुरायला हवी असेल तर लाकूड कोमट करा, इपॉक्सी जशी आहे तशीच लावा. काही जण कुजलेल्या लाकडात पातळ इपॉक्सी जिरवून ते 'घट्ट' करतात. खिडकीच्या चौकटीला ठीक आहे, होडीच्या बुडाला मी करत नाही. तुमच्या जुन्या होडीचं बुड वाचवायचं असेल तर टोच्याने टोचत टोचत चांगलं लाकूड लागेपर्यंत जा, त्यापुढे आणखी तीन-चार इंच कापा, सगळं वाळवा आणि नवा तुकडा बसवा.

प्रमाणाबाबत एक गैरसमज फार आहे. फायबरवाल्यांच्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर कमीजास्त करून वेग बदलता येतो. इपॉक्सीत तसं चालत नाही. इथे हार्डनर हा अर्धा भागीदार आहे. जास्त घातला तर उरलेला हार्डनर थरात तसाच राहतो, कमी घातला तर रेझिन कच्चं राहतं. आपल्याकडे सहज मिळणारी एलवाय ५५६ (रेझिन) आणि एचवाय ९५१ (हार्डनर) ही जोडी वजनाने १०० ला १० अशी जाते. दुसऱ्या कंपन्यांची मापं वेगळी असतात, काही घनमापाने दोनास एक अशी. डब्यावर असेल तेच पाळा. आता हिशेब बघा: २०० ग्रॅम रेझिनला २० ग्रॅम हार्डनर. वाण्याचा काटा पाच ग्रॅमने इकडेतिकडे झाला तरी चुकलेलं प्रमाण पंचवीस टक्के. एक ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. दोन-तीन मिनिटं कालवा, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडून, आणि मग दुसऱ्या भांड्यात ओतून पुन्हा थोडं. लावलेल्या थरात मध्येच कधी न सुकणारे चिकट डाग राहतात ना, ते बहुतेक वेळा पहिल्या भांड्याच्या कडेला न कालवलेलं राहिलेलं रेझिन असतं. हातमोजे घाला. कातडीला एकदा या मालाची ॲलर्जी आली की जन्मभर जात नाही, आणि हाताला माल लागला तर थिनरने धुऊ नका, त्याने तो आणखी आत जातो, साबण-पाण्याने धुवा.

आता कडा. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, तुम्हीही घालवा. प्लायच्या कडेत निम्म्या पदरांच्या नळ्या तुमच्याकडे तोंड करून उघड्या असतात, ज्वारीच्या धाटांची पेंढी विळ्याने कापल्यावर दिसते तशा. सपाट पृष्ठभागापेक्षा कड कितीतरी पटीने पाणी पिते. म्हणून कापलेली प्रत्येक कड आधी ८० नंबरच्या पॉलिश कागदाने घासा आणि टोकदार कोपरा मोडून गोल करा, निदान तीन मिमीचा गोलवा द्या. टोकदार कोपऱ्यावरून ओली इपॉक्सी मागे सरकते आणि नेमका तिथेच थर पातळ राहतो. मग कडेला ब्रशने भरपूर लावा. दहा मिनिटांनी बघा, कोरडी दिसेल, सगळं आत गेलेलं असेल. पुन्हा लावा. चमक टिकेपर्यंत लावत राहा. तीन-चार वेळा लावावं लागतं, आणि ओला असतानाच पुढचा लावायचा. शेवटी इपॉक्सीत लाकडाचा बारीक भुसा किंवा ॲरोसिल (सिलिकाची अगदी हलकी) पावडर घालून पुट्टीसारखी घट्ट पेस्ट करा आणि कडेत दिसणाऱ्या पोकळ्या तिने भरून टाका. पावडर घालताना तोंडाला मास्क, ती हवेत फार उडते.

स्क्रूची भोकंही तशीच. सुतार प्लायला सरळ स्क्रू मारतो आणि वरून रंग देतो. स्क्रू हलला की रंगाची कड तुटते आणि पाणी सगळ्याच पदरांत एकाच वेळी शिरतं. वल्ह्याची खुंटी, दोरीची कडी, असं जे काही बसवायचं तिथे भोक मोठं पाडा, म्हणजे ५ मिमी स्क्रूला १० मिमी. आतून नुसती इपॉक्सी लावा, मग घट्ट पेस्टने भोक पूर्ण भरा. कडक झाल्यावर त्या भरावात ५ मिमीचं भोक पाडा. आता स्क्रूच्या आजूबाजूला लाकूड नाही, इपॉक्सी आहे. वेळ लागतो, मजुरीवाला कंटाळतो, पण हे सोडू नका. आणि सगळी भोकं, सगळे कापे इपॉक्सीचे हात सुरू करण्याआधी पूर्ण करा. सगळं झाल्यावर "अरे, ती कडी राहिली" म्हणून मारलेलं एक भोक पुरे होतं.

आतून लावायचं का? हो, तेवढ्याच काळजीने. एकच बाजू सील केली तर दुसऱ्या बाजूने शिरलेली ओल बाहेर पडायला जागा शोधत बसते, फळी वाकते ते वेगळंच. होडी आत कोरडी असते हा भ्रम आहे. ओल्या जाळ्या, चिखलाचे पाय, जुलैचा पाऊस, सगळं आतच येतं. बुड आणि बाजू जिथे भेटतात तो आतला कोपरा पेस्टने भरून गोल करा, पाणी अडकत नाही आणि सांधाही मजबूत होतो. बुडू नये म्हणून पुढे-मागे हवाबंद पेट्या करणार असाल तर त्यांना आतून तीन हात आधीच लावा आणि फिरवून उघडणारं झाकण बसवा. बंद पेटीत एकदा पाणी गेलं की ते वर्षानुवर्षं तसंच राहतं आणि बाहेरून काही कळत नाही.

हात किती, तर तीन. पहिला मुरतो, दुसरा बसतो, तिसऱ्याने छिद्रं बंद होतात. दोन हातांत सहसा कुठेतरी उघडं राहतं. सहा हात लावून फायदा त्या मानाने नाही. आधीचा थर चिकटसर असतानाच, म्हणजे बोटाला लागेल पण बोटाबरोबर येणार नाही अशा वेळी, पुढचा लावला तर मध्ये घासावं लागत नाही. रात्र मध्ये गेली तर सकाळी थरावर हात फिरवा, मेणचट वाटेल. हवेतल्या ओलीमुळे आणि कार्बन डायऑक्साइडमुळे हार्डनरचा तो थर वर येतो, दमट रात्री जास्त. आधी साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीने धुवा, पुसा, मगच कागद मारा. न धुता घासलं तर ते मेण कागदाने सगळीकडे पसरतं आणि पुढचा थर किंवा रंग पापुद्र्याने सुटतो.

बुडाला बाहेरून चौरस मीटरला साधारण २०० ग्रॅम वजनाचं विणलेलं काचकापड इपॉक्सीत बसवा. काठावरच्या खडीवर होडी ओढली जाणारच, नुसता थर खरवडून निघतो. कापड विणलेलं हवं. पॉलिएस्टरवाल्यांकडची तुटक तंतूंची चटई आणू नका, तिच्यातला बांधणारा पदार्थ बहुधा पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरिन या द्रावकात विरघळणारा असतो, इपॉक्सीत ती नीट भिजत नाही. आणि पैसे वाचवायला थेट प्लायवर पॉलिएस्टर फायबर करू नका. लाकडाला ते घट्ट धरत नाही, काही काळाने पदर उचलतो आणि पाणी त्याच्या मागे जाऊन बसतं. वरून होडी ठणठणीत दिसते, आतून भुगा.

वर रंग हवाच. इपॉक्सी उन्हात पिवळी पडते, मग खडूसारखी पांढरट होऊन झिजते. पूर्ण कडक व्हायला आठवडाभर द्या, धुवा, १२० किंवा १५० नंबरने घासा आणि दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग लावा. साधा इनॅमल ताज्या इपॉक्सीवर कधी कधी दिवसेंदिवस चिकट राहतो. रंग पांढरा किंवा फिकट. ही हौसेची बाब समजू नका. घरगुती तापमानाला पकडणारी साधी इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते, आणि आपल्या मेच्या उन्हात गडद निळी किंवा काळी होडी त्याच्या बरीच वर जाते. मऊ झालेल्या थरातून कापडाची वीण वर उमटलेली दिसते.

वापरात नसेल तेव्हा होडी पालथी, दोन ओंडक्यांवर, जमिनीपासून वर. ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, खालून हवा जाऊ द्या. ओरखडा लाकडापर्यंत गेलेला दिसला तर त्याच आठवड्यात वाळवून बुजवा. पाण्यात उतरताना लाइफ जॅकेट, शेततळ्यातही. प्लास्टिकच्या अस्तरावरून पाय घसरला की वर चढता येत नाही.

एका भाऊने याच निमित्ताने सिंकखालच्या कपाटाला आणि कूलरच्या खिडकीच्या फळीला इपॉक्सी लावू का असं विचारलंय. तिथे एवढं करू नका. पाण्याला टिकणारी प्लाय, कडांना इपॉक्सीचे दोन-तीन हात, आणि मागे हवा जायला दोन बोटं जागा. गळती बंद केली तर एवढं पुरतं.

राहिला मालाचा हिशेब. आठ बाय चारच्या एका फळीची एक बाजू म्हणजे सुमारे तीन चौरस मीटर. रोलरने तीन हातांना साधारण सव्वा किलो धरा. तुमच्या होडीला तीन फळ्या लागल्या तर कापाकापी वजा जाता दोन्ही बाजूंना मिळून सहा किलोच्या आसपास, बुडाच्या कापडाला किलो-सव्वा किलो, कोपऱ्यांच्या पेस्टला एखादा किलो, वर थोडी नासाडी. आठ-नऊ किलो होतात. आणलेल्या एका किलोत ही होडी होणार नाही. तो डबा कडांवर आणि नमुन्यावर खर्च करा: फूटभर तुकडा घ्या, कडा वर सांगितल्याप्रमाणे भरा, एक स्क्रू भरावातून आणि एक सरळ लाकडात मारा, तीन हात द्या. आठवडाभर वाळल्यावर तोला, वजन लिहून ठेवा आणि पंधरा दिवस हौदात बुडवून ठेवा. बाहेर काढून पुसा, पुन्हा तोला, मग दोन्ही स्क्रूंमधून करवत घालून आत किती काळं झालंय ते बघा. सरळ मारलेल्या स्क्रूभोवतीचा डाग सुताराला दाखवा, मग मोठं भोक पाडून भरायला तो कुरकुर करणार नाही.